डावीकडे कोण आहे

"काय झालं? ब्रेक का मारलास? रस्ता मोकळा होता की!"

गाडी गचका खाऊन बंद पडली होती. तिचे दोन्ही पाय पेडलवर असे रुतून बसले होते की ते काढायचे कसे, हेच तिला सुचेना. बॉनेटच्या डाव्या कोपऱ्यापासून हातभर अंतरावर एक म्हातारे गृहस्थ काठी उगारून उभे होते.

"मोकळा?" तिच्या तोंडून कसाबसा शब्द फुटला. "अहो, मोकळा कुठे?"

"मग काय आहे?" नवरा समोर बघतच म्हणाला.

म्हातारबुवा त्याच्याच बाजूला होते. ते दोन पावलं पुढे आले आणि त्याच्या खिडकीच्या काचेवर त्यांनी काठीची मूठ आपटली, तेव्हा तो असा दचकला, की जणू माणूस आभाळातून पडलाय.

"शिकणाऱ्याचं मी समजू शकतो," ते ओरडले. "शिकवणाऱ्याचे डोळे कुठे गेले होते?"

ते बडबडत निघून गेले. मैदानाकडेचा रस्ता पुन्हा सामसूम झाला. ती नवऱ्याकडे बघत राहिली.

एकतीस वर्षं तो बस चालवत होता. आगारात त्याला 'पाळणा' म्हणायचे. गिअर कधी बदलला ते उभ्या प्रवाशालाही कळायचं नाही, झोपलेलं पोर आईच्या मांडीवरून हलायचं नाही, म्हणून पाळणा. घरची गाडी मात्र त्याने कधी घेतली नव्हती. "दिवसभर स्टिअरिंगच धरतो, घरी पण तेच कशाला?" असं म्हणणारा माणूस तीन आठवड्यांपूर्वी जुनी, पण ठाकठीक गाडी घेऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, "चल, शिकवतो तुला." ती पन्नाशी ओलांडलेली. तिला हसूच आलं होतं.

पण शिकवायचा मात्र छान. "खाली बघू नकोस. इंजिन ऐक. ते धापा टाकायला लागलं की खालचा गिअर मागतंय. किंचाळायला लागलं की वरचा. आणि क्लच असा सोडायचा, जसा झोपलेल्या माणसाच्या डोक्याखालून हात काढतो आपण." हे सगळं तो डोळे अर्धे मिटून सांगायचा. तिला वाटायचं, काय हा मुरलेला गडी, नुसत्या आवाजावर शिकवतोय.

आता तिला दुसरंच काहीतरी आठवायला लागलं. कपाटाच्या उघड्या दारावर त्याचं आपटलेलं कपाळ. शेजारी ठेवलेला आणि कोपराने उडालेला चहाचा कप, एकदा नव्हे, चार वेळा. हाक मारली की मान पुरती वळवून बघायची नवी सवय. वय झालं, असं म्हणून तिने ते सोडून दिलं होतं.

तिने आपला डावा हात उचलला आणि त्याच्या कानाशी नेला.

"माझा हात दिसतोय?"

"कुठला हात?"

तिने तो हळूहळू पुढे आणला. गालापाशी. डोळ्याच्या कोपऱ्यापाशी. तो शांतपणे समोर बघत होता. हात जवळजवळ नाकासमोर आला, तेव्हा कुठे त्याच्या पापण्या हलल्या.

तिचा हात तिथेच थांबला. 

"कधीपासून?"

त्याने तिचा हात धरून खाली ठेवला.

"मी विचारतेय, कधीपासून?"

"काचबिंदू म्हणतात त्याला," तो म्हणाला. "दोन्ही डोळ्यांत आहे. समोरचं लख्ख दिसतं गं. बाजूचं गेलंय. गेलं ते परत येत नाही, आहे ते औषधाने टिकवायचं. डॉक्टरांनीच सांगितलंय."

"कधी सांगितलं?"

"आठ महिने झाले असतील."

आठ महिने. ती शाळेच्या कार्यालयात काम करायची, वर्गावर्गांची हजेरी उतरवून घ्यायची. रोज सकाळी सव्वासातला शाळेच्या फाटकाशी जी बस थांबायची, ती त्याचीच. मुलं डाव्या दाराने धबधबा उतरायची, दोघं-तिघं तर बसच्या पुढूनच पळत रस्ता ओलांडायची. खिडकीतून तो तिला हात करायचा, ती त्याला करायची. आठ महिने ती हसून हात करत होती.

"आणि तुम्ही बस चालवताय," ती म्हणाली. हे वाक्य आपणच बोललो यावर तिचा विश्वास बसेना.

"चालवतोय की. रस्ता पाठ आहे मला."

"रस्ता पाठ असेल. मुलं पाठ आहेत?"

"कंडक्टर सांगते ना! पुढे दाराशी उभी राहते ती. डावीकडे कोणी असलं की दांडीवर टकटक करते. पोरगी हुशार आहे."

"तिला माहीत आहे?"

"तिला सांगावंच लागलं."

कुणीतरी कानाखाली वाजवावी तशी ती बसून राहिली. एका ताटात जेवणारी, एका छपराखाली झोपणारी ती. आणि माहीत होतं ते दांडीवर टकटक करणाऱ्या परक्या मुलीला.

"तुमचे डोळे तपासतात ना दर वर्षी?"

"तक्ता समोरच लावलेला असतो," तो म्हणाला. त्यात फुशारकी नव्हती, लाजही नव्हती. "समोरचं दिसतंच मला. शेवटच्या ओळीपर्यंत वाचला." मग जरा थांबून, "निवृत्तीला चौदा महिने राहिलेत. एकतीस वर्षांत बसला ओरखडा नाही माझ्या. तेवढे निघून जातील गं."

"आणि ही गाडी? ही कशाला घेतलीत?"

"तुला यायला नको? उद्या डॉक्टरकडे, बँकेत, लेकीकडे जायचं म्हटलं की तूच नेणार ना मला. आत्तापासून शिकलीस तर तोवर हात बसेल. मला आता ही धड जमत नाही, आणि तुला शेजारी बसवून उगाच धोका..."

"थांबा," ती म्हणाली.

तो थांबला.

"मला शेजारी बसवून गाडी चालवायची तुम्हाला भीती वाटते. आणि त्या पन्नास जणांना बसवून नाही वाटत?"

  त्याचा चेहरा उतरत गेला, उतरतच गेला. आपलंच बोलणं आपल्या कानांनी पहिल्यांदा ऐकल्यासारखा तो समोरच्या काचेकडे बघत राहिला.

"मी..." तो म्हणाला, "मी असा विचारच केला नव्हता."

तिने क्लच दाबला, गिअर न्यूट्रलला आणला, किल्ली फिरवली.

"उद्या पहिली पाळी आहे ना तुमची?"

"हो."

"आगाराकडे कुठल्या रस्त्याने जायचं ते सांगा."

"अगं, मोठ्या रस्त्यावर तू कधी गेली नाहीस. तिसरा गिअर अजून..."

"सांगा."

त्याने सांगितलं. पहिला, दुसरा, मग मोठ्या रस्त्यावर आल्यावर त्याच्या सांगण्यावरून तिसरा. एकदा तिसऱ्याऐवजी पहिला पडला आणि गाडी अशी केकाटली की मागचा टेम्पोवाला शिव्या देत पुढे गेला. तिला घाबरायलाही सवड नव्हती. चौकात सगळीकडून गाड्या अंगावर आल्या तेव्हा त्याने खालच्या आवाजात विचारलं, "डावीकडे कोण आहे?"

"सायकलवाला. त्याच्यामागे दोन बायका. थांबलेय मी."

"बरं केलंस."

पुढचा सगळा रस्ता तो विचारत राहिला आणि ती सांगत राहिली.

आगाराच्या फाटकात येऊन गाडी आपोआपच बंद पडली. बाजूला लावणं तिला जमणार नव्हतं. तो उतरला नाही.

"मी येऊ का बरोबर?" तिने विचारलं.

"नको. माझं मी सांगतो." केसांवरून हात फिरवून, खाकी सदऱ्याची बटणं आणि खिशावरचा बिल्ला चाचपून तो उतरला आणि भिंतीला एक बोट लावत आत गेला.

ती स्टिअरिंग धरून बसून राहिली. आत जाऊन हा सांगेल? की चहा पिऊन येईल आणि सांगितलं म्हणेल? काल असा प्रश्न तिच्या मनातही आला नसता. आज नवऱ्याच्या बाबतीत तो पडतोय, याचाच तिला धक्का बसत होता.

पंधरा-वीस मिनिटांनी एक मुलगी धावत बाहेर आली. गळ्यात तिकिटांचं यंत्र होतं, डोळे लाल झाले होते. कोण ते सांगावं लागलं नाही.

"काकू, मी सांगायला हवं होतं हो. पण त्यांच्या हाताखालीच शिकले मी. माझी जीभच उचलली नाही."

"सांगायला हवं होतंस," ती म्हणाली. तिला त्या मुलीची समजूत घालावीशी वाटली नाही. मग म्हणाली, "मीही बघायला हवं होतं."

तो बाहेर आला तेव्हा आगारप्रमुख त्याच्या दंडाला धरून गाडीपर्यंत सोडायला आले. त्याच्या खिशावर बिल्ल्याच्या जागी दोन बारीक भोकं होती. आगारप्रमुखांनी दार उघडलं, त्याला बसू दिलं आणि दार हलक्या हाताने लावलं. तिच्याकडे बघून त्यांनी मान हलवली आणि ते मागे सरले.

तेव्हा तिच्या लक्षात आलं, की समोर फाटकातून बाहेर पडायला एक बस येऊन उभी आहे. प्रवाशांनी भरलेली, इंजिन धडधडतंय, आणि वाट आपणच अडवलीय.

"मागे घ्यायला हवी," ती घाईघाईने म्हणाली. "मागे घ्यायचं शिकवलंच नाहीत तुम्ही."

"क्लच दाब. दांडी वर उचलून डावीकडे ढकल, मग पुढे." त्याने तिच्या हातावर हात ठेवून दाखवलं. दांडी खरखरली, बसली नाही. 

वरून बसच्या ड्रायव्हरने गाडीत कोण बसलंय ते पाहिलं आणि इंजिन बंद केलं. त्याच्यामागच्या बसचं बंद झालं. मग तिच्यामागच्या बसचं. एकेक करून सगळं आगार शांत झालं. खिडक्यांतून माणसं वाकून बघत होती. भोंगा कुणीच वाजवला नाही.

त्याने मान जराशी वर केली आणि ऐकलं.

"त्यांना निघायला उशीर होतोय हो," ती म्हणाली.

"होऊ दे," तो म्हणाला. "तू सावकाश घे."