स्मरणचित्राचा वर्ग

चित्रकलेच्या शाळेत ऐच्छिक विषय निवडायची वेळ आली तेव्हा कालिंदीने लवू आणि दौलतला बजावलं, "बाकी काहीही घ्या, पण शामराव सरांचं स्मरणचित्र घ्याच. जाहिरात रंगवायला कोणीही शिकवेल रे, बघायचं कसं ते फक्त सर शिकवतात." ती स्वतः एक सत्र करून पुन्हा बसणार होती.

हा वर्ग शनिवारी दुपारी परळला भरायचा. रस्त्यावर जायचं, एकच चेहरा डोळ्यांत साठवायचा आणि परत येऊन कागदावर उतरवायचा.

पहिल्याच शनिवारी तिघं तीन वाटांनी गेले. कालिंदी भोईवाड्यात, लवू लालबागला, दौलत डिलाईल रोडला. परतल्यावर मुकाट्याने कोळसा चालवला. चित्रं भिंतीवर लागली. तिन्ही कागदांवर एकच तरुण होता. कोवळी दाढी, मधोमध तुटलेली भुवई, कोणी हाक मारल्यासारखी वळलेली मान.

"माझं बघून काढलंस तू," लवू म्हणाला.

"अरे, मी तुझ्या आधी आलोय!" दौलतचा आवाज चिरकला.

शामराव सर चित्रांपुढे येऊन उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "हा गुणाजी. त्या खिडकीपाशी बसायचा. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात गोळी लागून गेला. तीन वर्षं होतील."

दौलतने विषय सोडला. "छान वर्ग सुचवलास," एवढंच बोलून लवूही यायचा थांबला.

कालिंदीला मात्र राहवेना. गुणाजीच्या घरी त्याचा एकही फोटो नाही, असं सर म्हणाले होते. रविवारी ती आपलं चित्र घेऊन लालबागच्या चाळीत त्याच्या आईकडे गेली. आईने कागद उजेडात धरला, भुवईवरून बोट फिरवलं.

"माझोच झील. जिन्यार पडलेलो लहानपणी." मग ती थबकली. "पण दाढी कधी इली? गेलो तेव्हा धड मिशीय फुटूक नाय होती."

"देवांपाशी लावू का?" कालिंदीने विचारलं.

"थंय नको. दारापाशी लाव." आई चित्राकडेच बघत होती. "बारीक झालो हा गो. परत दिसलो तर इचार, जेवता खंय?"

"विचारीन, कुठे जेवतो ते," कालिंदी म्हणाली.

त्या सत्रात तो पुन्हा दिसला नाही. पुढच्या सत्रात तिने आणखी चौघींना आग्रह करून त्या वर्गात बसवलं. का, ते मात्र सांगितलं नाही.