टेबलाचं टोक

उद्याशेठ गेला आणि काही दिवसांनी त्याची बायको माझा रंधा घेऊन आली. आम्ही दोघंही सुतार, एकाच गल्लीतले, लहानपणापासूनचे. माणूस वाईट नव्हता. हसला की आपला राग विरघळायचा. पण नेलेली वस्तू मागितली की म्हणायचा, ‘उद्या देतो.’ म्हणून सगळी गल्ली त्याला उद्याशेठ म्हणायची, आणि तोही ओ द्यायचा.

“भावजी, हा तुमचा,” वहिनी म्हणाल्या. “शेवटी ह्यांना माणसंही ओळखू येत नव्हती. रंधा उशाशी घेऊन निजायचे आणि म्हणायचे, उद्या देतो.”

मी हातात घेतला तर मूठ कोमट लागली. म्हटलं, उन्हातून आणलाय.

मला तो हवाच होता. मुलगी पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. ज्या पलंगावर ती जन्मली तो मोडून त्याच लाकडाचा पाळणा करायचा, असा तिचा हट्ट. लाकूड जेमतेम पुरणारं.

पहिलीच फळी रंधली आणि काटकोन बघायला गुण्या लावला, तर कडेखालून उजेड दिसला. कड एका अंगाला उतरली होती. पातं काढून दगडावर नीट घासलं, पुन्हा बसवलं. दुसरी फळीही तशीच उतरली. आता आणखी एक बिघडली असती, तर पाळणा झालाच नसता.

तेवढ्यात दारात खोकला ऐकू आला. उद्याशेठ यायचा तेव्हा असाच खोकायचा, मग “आहेस का रे?” विचारून उत्तराआधीच आत शिरायचा. मी वळून पाहिलं. दारात बायको होती, पाण्याचा तांब्या घेऊन.

“तू खोकलीस?”

“मी कशाला खोकू? अहो, एवढं मोठं टेबल, आणि तुम्ही पालीसारखे भिंतीला काय चिकटलाय?”

मी खाली पाहिलं. खरंच, मी टेबलाच्या भिंतीकडच्या टोकाला उभा होतो, कोपर अंगाशी दाबून. उद्याशेठ स्वतःचं काम घेऊन माझ्याच टेबलावर मधोमध पसरायचा. उरेल त्या टोकाला मी राबायचो. तसं उभं राहिलं की रंधा कलतो. इतकी वर्षं मी तो कल मनगटाने सावरत होतो. आता म्हातारं मनगट सावरेना.

“बोट दिलं की मनगट धरायचे तुमचे शेठ,” बायको म्हणाली. “मेले तरी सोडेनात. नातवंडाला काय तिरकं निजवणार?”

मी मधे सरकायला गेलो. सरकता येईना. उजवा खांदा कशाला तरी टेकला. समोर नुसती हवा होती, पण टेकला. एवढ्या वर्षांत जे त्याला कधी म्हणालो नव्हतो, ते तोंडातून निघालं.

“सरक रे. माझ्या लेकीचं काम आहे.”

“कुणाला म्हणालात?” बायकोच्या हातातलं पाणी हिंदकळलं.

“तुला नाही.”

खांद्यावरचा भार हळूच उतरला. मी मधोमध सरकून रंधा चालवला. लाकडाचा पापुद्रा एका लांबीत, न तुटता निघत गेला. गुण्या लावला. उजेड नाही.

पाळणा झाला. टांगून झोका दिला, तर अगदी सरळ गेला आणि सरळ परत आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकटाच होतो. दारात खोकला आला.

“आहेस का रे?”

मी टेबलाच्या मधोमध उभा होतो.

“आहे,” म्हणालो. “पण रंधा मिळायचा नाही.”

मग चपला फरफटत गल्लीच्या टोकाकडे निघून गेल्या. ती फरफट मी कुठेही ओळखली असती.

मी इतकी वर्षं राबलो ते टेबलाचं टोक आता मोकळं आहे. तिथे काही ठेवायला माझा हात धजत नाही; न जाणो, तो परत आला तर तिथे उभा राहील.