चोराच्या बापालाही न निघणारा टेप

मी एक जुना टेप आहे, मित्रांनो. घरातला नव्हे, गाडीतला. तरी आज भिलाईच्या रिसाली भागात, एका स्वयंपाकघराच्या फळीवर, हळदीच्या डब्याशेजारी बसलो आहे. गाडीतला टेप फळीवर कसा आला, ते सांगतो.

आम्हा टेपांचं नशीब गाडीच्या हाती असतं. काही गाड्या पाहुणा येणार हे धरूनच बांधलेल्या असतात. माझी पहिली गाडी तशी होती. नेहरू नगरातल्या अरुणकुमार सरांची ती छोटी लाल मोटार. तिच्या डॅशबोर्डात माझ्या मापाचा खण तयार होता, वायरी आत येऊन वाट पाहत होत्या, दारांत स्पीकरसाठी गोल भोकंसुद्धा होती. दुकानदार रूपेशनं मला आत सरकवलं, टक् असा आवाज झाला, आणि चहा निवायच्या आत मी गाऊ लागलो. मला वाटलं, सगळ्या गाड्या अशाच असतात.

सरांनी नवी मोटार घेतली तेव्हा मी रूपेशच्या दुकानात परत आलो. तिथून मला कृष्णरावांनी नेलं. ते स्टील प्लांटमध्ये वेल्डर, मूळचे भंडाऱ्याकडचे. त्यांची जुनी जीप म्हणजे समोर सपाट पत्रा. खण नाही, वायर नाही, दारं तर ताडपत्रीची!

"काका, हिच्यात कुठं बसवू? हिले फक्त हॉर्न शोभते," रूपेश म्हणाला.

"तू राहू दे. मी पाहतो."

कृष्णरावांनी पत्र्याखाली जाड लोखंडी पट्टीची चौकट केली, जणू क्रेनच टांगायची होती. स्पीकर मागच्या सीटखाली लाकडी पेटीत बसवले. त्या दिवसांत कॉलनीतल्या गाड्यांमधून टेप चोरीला जात. म्हणून नट आवळून झाल्यावर त्यांनी माझ्यावर गोणपाट टाकलं आणि नटांवरही वेल्डिंग मारलं.

"आता हा चोराच्या बापाले निघत नाही!"

"अन् तुमाले?" त्यांच्या पत्नी कांताबाईंनी विचारलं.

त्या चौकटीचा मी आजही ऋणी आहे. गावाकडच्या रस्त्यावर जीपचा आरसा पडला, बंपर लोंबला. मी मात्र जागचा हललो नाही.

माझ्या पोटात नेहमी एकच कॅसेट असे. कृष्णरावांची आई शकुबाई भुलाबाईच्या, म्हणजे विदर्भातल्या भोंडल्याच्या, महिन्यात कॉलनीतल्या पोरी गोळा करून गाणी म्हणायच्या. एका वर्षी ती गाणी घरच्या रेकॉर्डरवर भरून घेतली होती. एका गाण्याच्या मध्येच शकुबाई थांबतात आणि हुकूम सोडतात, "किस्ना, दूध पाह्य रे, उतू जाऊन राह्यलं!" मग गाणं पुढे सुरू. गावी जाताना राजनांदगाव येईपर्यंत ही बाजू संपायची. ती ओळ आली की सगळी जीप एका सुरात ओरडायची, "पाहतो न, माय!" शकुबाई स्वतः सर्वांत मोठ्यानं हसायच्या.

शकुबाई गेल्या. त्यानंतर ती ओळ आली की कुणी ओरडत नसे. कृष्णराव उगाच गिअर बदलत.

गेल्या वर्षी जीप भंगारात द्यायचं ठरलं. भंगारवाला दारात येऊन उभा राहिला, तेव्हा कांताबाईंना कॅसेट आठवली. ती माझ्या आत अडकली होती. वाजायची, पण बाहेर येईना. दुसरी प्रत कुणाकडेच नव्हती.

रूपेशला बोलावलं. त्यानं पेचकस घालून पाहिलं आणि मान हलवली. "ओढली तर फीत तुटंल, काका. अख्खा टेपच काढा लागते."

"मग गॅस कटर आणतो," कृष्णराव म्हणाले.

"अन् आतमधली माय वितळू द्याची काय?" कांताबाई कडाडल्या. "चोर तर कधी आला नाही. आता तुमीच चोर व्हा! हातानं कापा, हळूहळू."

कृष्णराव आपल्याच वेल्डिंगवर आरी चालवू लागले. पातं तुटलं, दुसरं लावलं, तेही तुटलं. मुलगी उन्नती घाम पुसायला पंचा घेऊन उभी होती. "बाबा, इतना मजबूत कौन बनाता है?"

"मी बनवतो न, बाई."

भंगारवाल्याचे दोन चहा झाले. शेवटी तोच आत वाकला आणि चौकट धरून बसला, म्हणजे मला हिसका बसू नये. त्याचेही माझ्यावर उपकार आहेत. ऊन डोक्यावर आलं तेव्हा मी सुटलो. लोखंडाचा एक तुकडा अजून माझ्या कमरेला आहे.

कृष्णराव तडक उन्नतीच्या नव्या गाडीपाशी गेले. "इथं खाली एक पट्टी मारली तर..."

"बाबा, हाथ मत लगाना! स्क्रीन, एसी, सगळं एकमेकाले जोडलेलं आहे."

रूपेशनंही हात जोडले. "काका, हिच्यात खण नाही. नुसती काच हाय."

मला वाईट वाटलं नाही. रूपेशनं माझ्या पाठीतून एक वायर काढली आणि सारी गाणी उन्नतीच्या मोबाइलवर घेतली. त्या गाडीत मला जागा नाही, पण शकुबाईंना आहे, तीही नटाशिवाय. मला फळी मिळाली, सोबत जीपची जुनी बॅटरी आणि माझी स्पीकरची लाकडी पेटी. कांताबाई रोज पदरानं माझी धूळ पुसतात.

मित्रांनो, तयार खण देणाऱ्यांचे आभार मानाच. पण ज्यांच्याकडे खण नव्हता आणि ज्यांनी पत्रा वाकवून आपल्याला जागा केली, त्यांना विसरू नका. आणि कुणाला कितीही घट्ट बसवलंत, तरी काढायची एक वाट राहू द्या.

काल कांताबाईंनी मला सुरू केलं. शकुबाई गाता गाता थांबल्या. "किस्ना, दूध पाह्य रे..." बाहेरच्या खोलीत कृष्णरावांनी पेपर खाली ठेवला. ते उठून शेगडीपाशी आले. शेगडीवर काहीच नव्हतं. तरी ते वाकून नीट पाहत उभे राहिले.

"पाहतो न, माय," ते म्हणाले.