पडद्यावरची बोट थांबेना

माझ्या नवऱ्याला, मार्चेलोला, एकच काम दोनदा करायचा कंटाळा आहे. त्याला आळशी म्हणायची सोय नाही. तो या कंटाळ्याला पद्धत म्हणतो. आमच्या भाड्याच्या शिडाच्या बोटी आहेत. उन्हाळ्यात दर शनिवारी जर्मन उतरतात, चेक चढतात, आणि धक्क्यावर लग्नघराला लाजवेल असा गोंधळ होतो. प्रत्येक बोटीत टेबलाखाली साबणाच्या वडीएवढी एक पांढरी डबी बसवलेली आहे. बोट कुठे आहे, वेग किती, खाली पाणी किती खोल, हे बोटीवरची यंत्रं त्या डबीला सांगतात आणि डबी ते वायफायवरून फोनला आणि टॅब्लेटला पोचवते. पाहुणे खूश. शनिवारी पासवर्ड कोण सांगत बसणार, म्हणून मार्चेलोने पहिली डबी नीट लावली आणि बाकीच्यांत तिचीच नक्कल उतरवली. सगळ्या बोटींच्या वायफायला एकच नाव, एकच पासवर्ड.

स्मोक्वा आणि नेश्पुला या तर जुळ्याच बोटी. एक अंजीर, दुसरी लोकाट. नावं माझ्या आईने ठेवलेली. एप्रिलमध्ये, हंगामाआधी, आम्ही त्या दोघींना पूला शहराच्या गोदीतून घरी, लोशिन्य बेटावर आणत होतो. स्मोक्वावर मी आणि मार्चेलो. नेश्पुलावर माझे वडील, ज्यांना आमचं अख्खं बेट बार्बा नादालिन, म्हणजे नादालिनकाका, म्हणतं, आणि माझी मुलगी ओरियाना. तिला बोट चालवायचा परवाना त्याच हिवाळ्यात मिळाला होता. सुकाणू तिच्याकडे आणि तोंड आजोबांकडे, अशी वाटणी होती.

सकाळी उनिये बेटाच्या खाडीत दोन्ही बोटी शेजारी लावून आम्ही रानशतावरीची फ्रिताया, म्हणजे आमच्याकडचं ऑम्लेट, खाल्ली. अंडी मी फोडली, मीठ जास्त झाल्याचं बाबांनी सांगितलं, दोन वेळा वाढूनही घेतलं. बाबांचं हे नेहमीचं: तक्रार नावे, फ्रिताया जमा. मग आम्ही निघालो आणि तासाभरात धुकं आलं.

आलं म्हणजे काय, समुद्र होता आणि मग नव्हता. मागची नेश्पुला आधी करडी झाली, मग नुसता आकार उरला, मग तोही गेला.

रेडिओवर बाबांचा आवाज आला. "मार्चेलो, तुझ्याकडे तो टीव्ही आहे ना? मग तू हो पुढे. आम्ही तुझ्या भोंग्यामागून येतो."

"या बार्बा, अगदी जवळ राहा," मार्चेलो म्हणाला. आवाजात खुशी होती. सासऱ्याने त्याला पुढे हो म्हटलेलं लग्नानंतर हे पहिल्यांदाच.

"आणि हा रेडिओ मी बंद करतोय. धुक्यात कान लागतात, बडबड नाही."

"बाबा, बंद करू नका!" मी ओरडले. खट्. झाला बंद.

सुकाणूपाशी खोली आणि वेग दाखवणाऱ्या तबकड्या आहेत, पण उन्हाने त्यांच्या काचा दुधासारख्या पांढऱ्या झाल्या होत्या. नव्या का नाही आणल्या, असं मी हिवाळ्यात विचारलं होतं. "टॅब्लेट आहे ना!" हे उत्तर मिळालं होतं. तर तो टॅब्लेट मार्चेलोच्या समोर लटकवलेला, त्यावर नकाशा आणि नकाशावर छोटी काळी बोट. ती बोट म्हणजे आम्ही.

"आता कोबिला येईल," मार्चेलो म्हणाला. कोबिला म्हणजे घोडी. बेटाच्या टोकापुढे पाण्यात बसलेला हा खडक, पाठ तेवढी बाहेर. दक्षिणेचा वारा दोन दिवस वाहिला की पाणी चढतं आणि पाठही बुडते. वारा दोन दिवस वाहिला होता. "शंभर मीटर सोडून वळू. हे बघ, इथून."

"आणखी लांबून वळलास तर काय बिघडेल?"

"नेविया, यंत्र मीटरमध्ये बोलतंय आणि तू भीतीमध्ये बोलतेयस."

तेवढ्यात टॅब्लेटवर 'संपर्क तुटला' अशी पाटी आली. पण पाटी लगेच गेली, काळी बोट परत उमटली.

"बघितलंस? आपोआप जोडलं," मार्चेलो म्हणाला, जणू ते त्यानेच जोडलं होतं.

आम्ही भोंगा द्यायचो आणि मागून नेश्पुलाचा भोंगा यायचा. आमचा भोंगा म्हणजे गॅसचा छोटा डबा, त्याला लाल कर्णा. हळूहळू त्याचा आवाज बदकासारखा व्हायला लागला. शेवटी नुसती फूस झाली. मार्चेलोने डबा हलवला, काखेत धरून गरम केला, पुन्हा दाबला. काही नाही.

"थांबू या," तो म्हणाला. "इंजिन बंद करून ऐकू, ते किती मागे आहेत."

इंजिन बंद झालं. बोट थोडी सरकली आणि थांबली. धुक्यात शांतता पडली की कानात स्वतःचंच रक्त ऐकू येतं. मी टॅब्लेटकडे बघितलं.

काळी बोट चालत होती.

"मार्चेलो, आपण थांबलोय ना?"

"हो."

"मग ही का नाही थांबत?"

त्याने वाकून बघितलं. वेग चार पूर्णांक एक. खोली बावीस मीटर. "प्रवाह असेल."

"चार नॉटचा? ही नदी आहे का?" सकाळच्या शतावरीचा एक देठ बाकावर पडला होता, तो मी पाण्यात टाकला. तो आमच्या बाजूला नुसता पडून राहिला. आणि आमच्या समुद्राला असला प्रवाह माझ्या पणजीनेही पाहिला नसेल.

पडद्यावर ती बोट निवांत पुढे येत होती. खरं सांगते, त्या क्षणी मला भुताटकीच वाटली. आपण मेलोय आणि बोट पुढे गेलीय, असलं काहीतरी. पण मी पोटासाठी हिशेब लिहिते, आणि हिशेबात नियम साधा आहे: रक्कम जुळत नसेल तर ती दुसऱ्याच्या खात्यातली असते.

"ही आपली बोट नाही," मी म्हटलं. "ही नेश्पुला आहे."

मार्चेलो खाली गेला, टेबलाखाली डोकं घातलं आणि वर आला. चेहरा त्या तबकड्यांसारखा पांढरा. "डबी मेलीय. दिवाच नाही."

म्हणजे आमची डबी गेली तेव्हा टॅब्लेटने त्याच नावाची दुसरी शोधली. नाव एक, पासवर्ड एक, त्याला काय कळणार? ज्या पाण्याच्या भरवशावर आम्ही चाललो होतो ते आमच्याखालचं पाणी नव्हतं. वळायची जागा पडद्यावर अजून यायची होती. आम्ही ती कधीच ओलांडली होती.

मग मला ऐकू आलं. पुढे, अगदी जवळ, पाणी कशावर तरी चढत होतं आणि उतरत होतं. झोपलेलं जनावर श्वास घेतं तसं.

"कोबिला," मार्चेलो कुजबुजला.

मी माझा फोन काढला. त्यावर समुद्राचा नकाशा नाही. बेकरी कुठे, पार्किंग कुठे, एवढंच मी त्यात बघते. पण निळा ठिपका त्याचा स्वतःचा होता, कुणाच्या डबीचा उसना नव्हता. फोन टॅब्लेटला चिकटवून धरला. बेटाचं टोक इथे आणि तिथे जुळवलं. आम्ही घोडीच्या पाठीशी. नेश्पुला आमच्या पाठीशी, सरळ रेषेत, नाक आमच्याकडे करून. नेश्पुलाचं वजन आठ टन. तिच्या सुकाणूवर माझी पोर.

मार्चेलो रेडिओत ओरडत होता, "नेश्पुला, नेश्पुला, थांबा!" रेडिओ खरखरत होता. मी ओरियानाला फोन लावला. तो वाजला. आमच्याच केबिनमध्ये वाजला. सकाळी चार्जरला लावून ती विसरून गेली होती. बाबांचा फोन घरी फ्रिजवर असतो. तो तिथेच राहतो.

"इंजिन लावतो," मार्चेलो म्हणाला.

"आणि जाशील कुठे? पुढे घोडी, मागे पोर."

"बाजूला!"

"कुठल्या बाजूला? खाली किती पाणी आहे सांग."

खोलीचा आकडा समोर होता, बावीस. तो नेश्पुलाखालचा होता.

मी खाली धावले. फ्रितायाचा तवा अजून न धुता पडलेला होता. तो उचलला, डाव घेतला, मागच्या कठड्याला पोट टेकून उभी राहिले आणि बडवायला लागले. मार्चेलो तोंडाशी हातांचा कर्णा करून ओरडायला लागला. धुकं सगळं गिळत होतं. तव्याचा आवाज माझ्या हातापाशीच मरतोय असं वाटत होतं.

"वेग बघ!" मी ओरडले. "मार्चेलो, तिचा वेग वाच!"

तेव्हा त्याच्या लक्षात आलं. ओरडणं सोडून तो टॅब्लेटकडे वळला.

"चार पूर्णांक एक."

मी बडवलं.

"चार एक."

डाव वाकला. मग मी तवाच कठड्यावर आपटायला लागले.

"चार दोन. नेविया, चार दोन!"

"ऐक गं माझे बाई," मी म्हणत होते, कुणाला ते मलाही ठाऊक नाही. "कान लागतात म्हणालात ना बाबा, मग लावा!"

"चार... तीन सात. तीन! अगं, तीन! दोन चार!"

आता मलाही मागून आवाज येत होता, इंजिन उलटं फिरवल्यावर पाणी कसं उकळतं तसा. धुक्यात वर, माझ्या डोक्याच्या उंचीवर, एक पांढरी कडा उमटली. नेश्पुलाचं नाक. ती येतच होती. मार्चेलोने झेप घेऊन दोन्ही बोटींच्या मध्ये धक्का झेलणारी हवेची उशी धरली. उशी कण्हली, चपटी झाली. आणि नेश्पुला थांबली.

"आई!" वरून ओरियानाचा आवाज. "भोंगा का बंद केलात तुम्ही? मला वाटलं, लांब गेलात, म्हणून मी वेग वाढवला!"

तिच्या मागे बाबा उभे होते, कठडा दोन्ही हातांनी धरून. "भांडी वाजवून जेवायला बोलावतेस, नेविया?" ते म्हणाले. पण आवाज त्यांचा नव्हता.

"बाबा, रेडिओ."

"हो."

"आत्ता. लावा."

त्यांनी लावला. बार्बा नादालिनने वाद न घातल्याची ही पहिलीच नोंद.

आम्ही दोन्ही बोटी एकमेकींना शेजारी बांधल्या. तेव्हा कुठे टॅब्लेट खरं बोलायला लागला. दोघी एकाच जागी होत्या, त्यामुळे कुणाचाही आकडा चालत होता. आकडा होता दोन पूर्णांक सहा. आमच्या बोटींचा कणा दोन मीटर खाली जातो. पलीकडे घोडी श्वास घेत होती.

नेश्पुला जिथून आली होती ती रेघ पडद्यावर राहिली होती. तेवढंच पाणी खात्रीचं होतं. "हिच्यावरून उलटं जायचं," मार्चेलो म्हणाला. "बोट मी बघू का, ओरियाना?"

"नको, पप्पा. तुम्ही आकडे वाचा."

त्याने वाचले. दोन चार. दोन तीन. दोन नऊ. चार. सात.

दोर पक्के होते, तरी दोन्ही कठड्यांवरून हात लांबवून मी ओरियानाची बाही धरून ठेवली होती. तिला सुकाणू एका हाताने फिरवावं लागत होतं.

"आई, सोड ना."

"वीस होऊ दे."

"वीस," मार्चेलो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "तीस."

"आई."

"वाच रे पुढे," मी म्हटलं.