बॅग अर्धीच भरायची

मी रत्नागिरीच्या खाडीकाठच्या राजिवड्यात, अजराच्या कपाटावर पडून असलेली एक जुनी चाकांची बॅग आहे. माझा रंग मूळचा मरून होता. आता त्याला कोणी काहीही म्हणो. एक चाक तुटलंय आणि चेन मध्येच दात विचकते. पण मित्रांनो, अंगावर पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिलेलं ‘रशीद, रत्नागिरी’ अजून वाचता येतं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, ते मला ठाऊक नाही. अजराच्या नवऱ्याने, रशीदने, १९९८ साली मला दुबईच्या बाजारात आपटून, उचलून, चाकं फिरवून पसंत केलं. तो तिथे गॅरेजात कामाला होता आणि दोन वर्षांतून एकदा सुट्टीवर घरी येई. येताना माझ्यात साबण, अत्तर, दूधपावडर असे. जाताना कोकम, फणसपोळ्या, सुके बोंबील. त्यातलं रशीदचं स्वतःचं थोडंच. आमच्याकडे रीतच आहे: दुबईला जाणारी बॅग एकट्याची नसते. ज्याचं माणूस तिकडे, त्याची पुडी बॅगेत जायची. मग दोघं जण माझ्यावर गुडघे रोवत, नायलॉनची दोरी आवळत. मी फुगून टम्म होई आणि मनातून खूश होई. जेवढी फुगलेली, तेवढी माझी वट, असा माझा समज होता.

रशीदची मुलगी उमैमा तीन वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. रशीद सुट्टीवर आला होता. अर्धी सुट्टी त्याची, तिकडच्यांनी घरी पाठवलेल्या पुड्या वाटण्यातच गेली. तो घरी येई तेव्हा पोर झोपलेली असे. एकदा ती माझ्याआड लपून त्याच्याकडे बघत होती. शेजारच्या तुळसाकाकीने विचारलं, “कोण गो हे आलेले?”

“बॅगवाले,” उमैमा म्हणाली.

सगळे खो खो हसले. रशीदही हसला आणि विहिरीचा पंप बघायला म्हणून मागीलदारी गेला. पंपाला काहीही झालेलं नव्हतं.

अजरा मात्र हसली नाही. तो या खेपेला नवी बॅग घेऊन परत गेला, मी घरीच राहिले. मग तिने मनाशी पक्कं केलं. बाप इथे पाहुणा होऊन येतो. मग आपणच पोरीला घेऊन तिकडे जाऊ. सुट्टी म्हणून, शहर बघायला. जानेवारी ठरला, कारण तेव्हा तिकडे मुलांना सोसेल अशी हवा असते. रशीदचा एक सोबती गावी येणार होता, त्याची खोली मोकळी मिळणार होती.

फोनवर बेत ठरू लागले. रशीद म्हणाला, “शुक्रवारी शारजाला जाऊन आपल्या गावच्या अझीमची पुडी देऊ. दुसऱ्या दिवशी अजमानला, तुळसाकाकीच्या ओमकारकडे...”

“आपण सुट्टीला चाललोय की टपाल वाटायला?” अजराने विचारलं. “सकाळी एक ठिकाण, दुपारी पोरीची झोप, संध्याकाळी बाग. पुड्या नाहीत. बॅग अर्धीच भरायची.”

“लोक काय म्हणतील गो?”

“काय म्हणायचं ते म्हणू देत. ती तुम्हाला बॅगवाले म्हणते, ते मला ऐकवत नाही.”

मग तो म्हणाला, “होडीत बसवू तिला.”

खरं सांगते, मला अजराचा राग आला. अर्धी बॅग! माझी काही इज्जत? तिने भरलं काय, तर दोघींचे कपडे, पोरीची गोधडी, तिला पेजेसारखं खिमट करायला पीठ आणि एक छोटं पातेलं. माझं पोट खपाटीला गेलेलं.

मग माणसं येऊ लागली. अझीमची बायको अलिझा फणकारली, “एवढीशी पुडी जड झाली होय? दुबईला निघालीस, आम्ही कोण आता!” तुळसाकाकी आपल्या ओमकारसाठी फणसपोळी घेऊन आली. अजराने तिचे हात धरले. “काकी, रागवा, पण पुडी नको. तिकडच्या सगळ्या मुलांना एकदा बागेत जेवायला बोलावते. तिथेच भेट होईल.”

काकीने पुडी पदराखाली घेतली. “बरं. मग त्याला नीट बघून ये. वाळलाय की काय, ते मला येऊन सांग.”

निघायच्या दिवशी रिक्षा दारात आली आणि अजराने नाक मुरडलं. माझ्या पोटातून वास येत होता. गोधडीखाली बोंबलांची पुडी! अलिझा भिंतीकडे बघत उभी.

“वैनी, गाडी चुकल,” रिक्षावाला सदू ओरडला.

“चुकू दे,” म्हणत अजराने भर रस्त्यात मला उघडलं, पुडी अलिझाच्या हातात ठेवली आणि चेन ओढली. अलिझाला हसू फुटलं. “नाक हाय की काय हाय गो तुझं!”

दुबईत पहिल्या सकाळी होडीत बसल्यावर उमैमा म्हणाली, “ही तर आपलीच खाडी!” ती आईला चिकटून होती. बापाचा हात धरत नव्हती. दुपारी खोलीत अजराने कपडे फळीवर लावले आणि मी जमिनीवर उघडी, रिकामी पडले. उमैमा आली आणि माझ्यात शिरून बसली. रशीदने हळूच मला ढकललं. ती दचकली. मग त्याने तोंडाने इंजिनाचा आवाज काढला. गॅरेजातला माणूस तो, हुबेहूब काढला. गाडी दारापर्यंत गेली, परत आली, भिंतीला धडकली. माझं चाक तुटलं ते तेव्हाच.

“अजून!” ती ओरडली. आणि मग, “अब्बा, अजून!”

रशीद माझ्यामागे गुडघ्यांवर तसाच थांबला. अजराने तोंड फिरवलं आणि फळीवरचे कपडे पुन्हा लावायला घेतले.

बागेत सगळे जेवले. ओमकार वाळला नव्हता, चांगला सुटला होता. परतल्यावर अजरा चप्पल न काढताच ते तुळसाकाकीला सांगून आली.

आता मी कपाटावर असते. मित्रांनो, आम्हा बॅगांना फडक्याने पुसत जा, चाकांतले केस काढत जा, ओल्या जागी ठेवू नका. आणि घरच्यांबरोबर कुठे निघालात, तर आम्हाला गच्च भरू नका. आम्ही तक्रार करणार नाही. पोर कधी बसायला येईल, ते सांगता येत नाही.