मग त्यालाच भरव

सासूबाईंनी चमचा पाहून तोंड भिंतीकडे फिरवलं आणि माझं डोकं फिरलं. कामावरून आल्या आल्या, हातातली पिशवी नीट न ठेवता मी सूप गॅसवर चढवलं होतं. ताजं, वाफाळतं. देवासाठी करायचं म्हटल्यावर कोमट कसं चालेल?

"थोडं तरी घ्या हो, आई."

"राहू दे."

हे 'राहू दे' ऐकून माझे कान किटले होते. पडून खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या अंथरुणाला खिळल्या होत्या, आणि आता तर अन्नावरची वासनाच उडाल्यासारखं झालं होतं. डॉक्टर सांगून गेले होते, सोमवारी परत येतो, तोवर खाणं सुधारलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल. नळीचं नाव काढलं की सासूबाईंचे डोळे भरून यायचे. पण तोंड काही उघडायचं नाही.

माझ्याकडून काय कमी पडत होतं? दिवसभर मी लाँड्रीत उभी राहून इस्त्री करते. घरी आले की सासूबाईंची चादर, त्यांचं शौचाचं भांडं, त्यांचं अंग पुसणं. नवरा बस चालवतो, तो घरी येतो तेव्हा त्याला फक्त उशी दिसते. हे सगळं मी निमूट करायचे, कारण आमच्या चर्चच्या पाळकांनी एकदा प्रवचनात सांगितलं होतं की काम कोणतंही असो, ते देवाला अर्पण करा. ते माझ्या मनात असं बसलं की तेव्हापासून प्रत्येक कामाआधी मी हळूच म्हणायचे, "प्रभू, हे तुझ्यासाठी." चादर बदलताना तेच, भांडं धुताना तेच, चमचा पुढे करताना तेच. शिवाय सासूबाई जेवल्याशिवाय आपणही तोंडात कणभर काही घालायचं नाही, असा नेम मी धरला होता. त्याचा बोभाटा मी केला नाही. आता चर्चमधल्या बायकांनीच विचारलं, वाळलीस का गं एवढी, तर खोटं कशाला बोलायचं?

मग काय, पाळकांनी भर उपासनेत माझं उदाहरण दिलं. मी मान खाली घातली, "अहो, मी कोण करणारी," असंही पुटपुटले. कान मात्र शेवटच्या शब्दापर्यंत टवकारलेले होते.

रविवारी धाकटी आली. धाकटी म्हणजे माझी जाऊ. ब्यूटी पार्लरमध्ये काम करते. लग्न लागलं, त्यानंतर तिनं चर्चची पायरी चढलेली मला आठवत नाही. महिन्यातून कधीतरी उगवते, तीही हात हलवत. आली ती सरळ सासूबाईंच्या पलंगावर मांडी घालून बसली, पर्समधून नेलपॉलिशची बाटली काढली आणि त्यांची नखं रंगवायला घेतली. तीही लालभडक!

"आई, तुम्हाला सांगते, काल एक बाई आली. म्हणाली, मला अशी करून टाक की नवऱ्यानं ओळखता कामा नये. मी केली. आणि खरंच ओळखलं नाही हो! ही दारात उभी, आणि तो दुसऱ्याच बाईची पिशवी उचलून चालायला लागला."

सासूबाई हसल्या. इतक्या हसल्या की मला वाटलं आता ठसका लागणार. नखं वाळेपर्यंत धाकटीनं माझ्या हातातलं सूप घेतलं. चमचा भरायची आणि बोलण्याच्या नादात तसाच हवेत धरून ठेवायची. मग आठवण झाल्यासारखी पुढे करायची. तिचं बोलणं संपून चमचा कधी येतोय याची सासूबाई वाट बघत होत्या. वाटी रिकामी झाली. माझी वाटी! मी केलेलं सूप!

मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. आपटताना 'प्रभू, हे तुझ्यासाठी' म्हटलं नाही, एवढी लाज शिल्लक होती. पण प्रभूला सोडलंही नाही. "हा कुठला न्याय?" मी त्याला विचारलं. "राबायचं मी, उपाशी राहायचं मी, आणि वाटी रिकामी होणार हिच्या हातून? तुला खूश करायला आणखी काय करू, ते तरी सांग एकदाचं." सिंकचा नळ ठिबकत होता.

सोमवारी डॉक्टर दुपारी येणार होते. मी लाँड्रीत उशिरा येते म्हणून कळवलं, वाफाळती वाटी घेऊन पलंगापाशी बसले, चमचा भरला आणि सवयीनं पुटपुटले, "प्रभू, हे तुझ्यासाठी."

"मग त्यालाच भरव," सासूबाई म्हणाल्या.

"काय?"

"त्याच्यासाठी आहे ना? मग त्यालाच भरव. मला कशाला मधे घालतेस?"

"तुम्हाला ऐकू येतं?"

"खुबा मोडलाय माझा. कान नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "आई, मी तुमचं काय करत नाही ते तरी सांगा. धाकटी एक दिवस आली, नखं रंगवून गेली, की ती गोड झाली आणि मी कडू?"

"करतेस गं. सगळं करतेस. नाही कोण म्हणतंय?" त्यांनी लाल नखांच्या चिमटीत चादरीचं टोक धरलं. "पण अंग माझं पुसतेस आणि बघतेस वर छताकडे. वरच्या फळीवरचा डबा काढायला स्टूल लागतं ना, तसं झालंय माझं. त्याच्यावर पाय देऊन उभं राहायचं. स्टुलाशी कोण बोलतं?"

वाटी तिथंच आपटून निघून जावंसं वाटलं. रागही आला आणि रडूही. आणि सगळ्यात जास्त चीड याची आली, की म्हातारी खोटं बोलत नव्हती. या बाईवर माझी माया आहे की नाही, हे मी कधी स्वतःला विचारलंच नव्हतं. मला देवाला खूश करायचं होतं. नाही, तेही धड खरं नव्हतं. देवानं माझ्यावर खूश व्हावं आणि ते चार लोकांना दिसावं, एवढंच मला हवं होतं. पलंगावर सासूबाईंच्या जागी दुसरं कुणी असतं तरी मला चाललं असतं.

पण दुपारी नळी येणार होती. मी उठले नाही. चमचा परत वाटीत बुडवला, ओठांवर आलेलं वाक्य गिळलं. त्याच्या जागी काय बोलायचं ते मात्र सुचेना. शेवटी म्हटलं, "शनिवारी मी इस्त्रीनं लाँड्रीच्या मालकाच्याच पँटला भोक पाडलं."

सासूबाईंनी मान वळवली. "मग?"

"मग काय. घडी अशी घातली की भोक आत गेलं. त्याला अजून पत्ताच नाही. तीच पँट घालून तो लग्नाला जाणार आहे."

त्यांचे गाल हलले. तोंड उघडलं. चमचा आत गेला. आणि त्याच क्षणी, नको नको म्हणत असताना, माझी नजर छताकडे गेली. पाहिलंस ना, प्रभू?

"वर काय बघतेस?" सासूबाई म्हणाल्या. "इथं सांडतंय."

सूप त्यांच्या हनुवटीवरून गळ्याकडे ओघळत होतं. मी घाईनं फडकं घेऊन पुसलं. ओघळ गेला होता तिथली कातडी लाल झाली होती. माझा हात थबकला. त्या नेमापायी हे सूप मी कधी चाखूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

"गरम आहे का हो, आई?"

"आहे," त्या म्हणाल्या. "रोजच असतं."