मिटल्या डोळ्यांची साक्ष

त्या धर्मसंस्थेच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायलासुद्धा माणूस श्रद्धावंतच लागे. तो तसा आहे, अशी साक्ष त्याच्या प्रार्थनामंदिरातल्या प्रवचनकारानं निवड समितीपुढे उभं राहून द्यायची, असा जुना रिवाज. आजच्या उमेदवार मुलीचा प्रवचनकार म्हणजे तिचा बापच, नाना! नानांना दुधात साखर पडल्यासारखं झालं.

नाना प्रवचन सांगत नसत, गात. सूर लागला की दगडाला पाझर फुटावा. आज कडक इस्त्रीचा सदरा घालून ते समितीपुढे उभे राहिले.

"बापानंच लेकीची साक्ष द्यायची, म्हणजे आपलं ठेवायचं झाकून!" अध्यक्ष हसले. "बोला नाना, दर आठवड्याला येते ना प्रार्थनेला?"

"येते म्हणजे? एक जरी चुकवली असेल तर माझा कान धरा. मागच्या खांबापाशी बसते, तिची आई बसायची तिथं."

"नाना," मुलगी खुर्चीतून उठली. "आई गेल्यापासून मी आत आलेलेच नाही."



"काहीतरीच काय! माझ्याबरोबर तर येतेस."

"दारापर्यंत. तुम्ही डोळे मिटून गाता. गाणं संपेपर्यंत मी बाहेर फिरते. आत बसवत नाही मला. देव आहे की नाही, तेही हल्ली कळेनासं झालंय."

नानांच्या पायाखालची जमीन सरकली. एवढे दिवस आपण त्या खांबालाच गाऊन दाखवत होतो तर!

अध्यक्षांना मुलीचा कळवळा होता. तिनं हंगामी म्हणून शिकवलं, तेव्हापासून कॉलेजातली मुलं तिच्यावर जीव टाकत. "अगं, एवढं कशाला ताणतेस? पुढच्या आठवड्यापासून येईन म्हण. नोकरी तुझीच."

"यावंसं वाटलं की येईन, सर. पण नोकरीसाठी देवापुढे नाही बसणार."

"नाना, समजवा हिला!"

नानांनी लेकीकडे पाहिलं. तिची मान ताठ होती. देवाला फसवायला जाऊ नका, हे त्यांनी जन्मभर घसा फोडून गायलं होतं. ऐकणारे माना डोलवत, चपला शोधत आणि घरी जात. जी समोर बसलीच नव्हती, तिच्या मात्र ते हाडीमाशी खिळलं होतं.

"हजेरीची साक्ष मागे घेतो," नाना म्हणाले. "पण देवापुढे खोटं वागायला जी धजत नाही, ती त्याच्यापासून लांब गेली, असं माझ्या तोंडून निघायचं नाही."

"नियम आहे हो, नाना. आमचा नाइलाज."

"पाळा की. तिनंही तिचा पाळला."

बाहेर व्हरांड्यात शिपायानं विचारलं, "काय नाना, लागली का ताईंना नोकरी?"

"नाही लागली!" नाना छाती काढून असे गरजले, की बाकावरच्या लोकांनी उठून तिचं अभिनंदनच केलं.